एका पारड्यात मी, दुसऱ्यात सरकीची ढेप

अन्वी, ईशान,

हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण ज्या माणसांचे शब्द मला सांगायचे आहेत ती माणसं मराठीतच बोलत होती. इंग्रजीत आणले तर त्या शब्दांची धार जाईल. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा एवढं मला कळतं. अडेल तिथे तुमच्या बाबाला वाचून दाखवायला सांगा. त्याला वऱ्हाडी अजून येते.

आताच का, ते आधी सांगते.

मागच्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो. तुम्ही जेवायला बसला होता. ईशान, तू म्हणालास, "ताई काट्यावर चढली की काटा ओरडतो." सगळे हसले. अन्वीही हसली. मग तिनं कोपरानं ताट हळूच बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला भूक नाही आजी." तुमची आई मागून म्हणाली की हल्ली तिला भूक नसतेच. सकाळ-संध्याकाळ वजन मात्र करते.

फोन ठेवला आणि मी खुर्चीतच बसून राहिले. ईशान, मी तुझ्यावर रागावलेले नाही. पण ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. ताट सारणारं कोपरही माझ्या ओळखीचं होतं.

माझ्या वाढदिवसाला तुम्ही काचेचा वजनकाटा पाठवलात. तो कपाटावर खोक्यातच आहे. तुम्ही विचारता, "वापरतेस ना?" आणि मी अमरावतीच्या उन्हाची गोष्ट काढते. आज काढणार नाही.

*

अकोल्यातलं जठारपेठेतलं घर. मागचं अंगण. कडुलिंबाच्या फांदीला मोठा काटा टांगलेला. कापूस जोखायचा. आडवी लाकडी दांडी, टोकांना साखळ्या, साखळ्यांना फळ्यांची दोन पारडी. एका पारड्यात मी बसलेली. हाताच्या मुठीत साखळी गच्च धरलेली. पाय जमिनीला लागत नव्हते.

मी नववीत होते.

भोवती बायका, पाहुण्या, पोरंसोरं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी मारत नव्हतं. सगळे आनंदात होते. सणाचा दिवस होता त्यांचा.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं. आमचं गाव चांदूर रेल्वेजवळ. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, भाजीपाला पिकवत. वांगी, गवार, मेथी, कोथिंबीर. मळा आमचा नव्हता. बटईनं केलेला, म्हणजे अर्धं पीक मालकाचं आणि अर्धं आमचं. मालक राहायचे अकोल्याला. गावात मुलींना पुढची शाळा नव्हती आणि मला शिकायचं होतं. मालकीणबाईंना सगळे बाईसाहेब म्हणायचे. त्या एकदा मळा पाहायला आल्या तेव्हा आबांना म्हणाल्या, "पाठवा पोरीले आमच्याकडे. घरच्यावानी राहीन. कामाले हात लावन, शाळा शिकन."

घरच्यावानी.

त्या शब्दाचा अर्थ मला पहिल्याच दिवशी जेवताना कळला. आधी पुरुष जेवले. मग बाईसाहेब आणि त्यांची मुलगी. मग पाहुण्या. मग माझ्यापुढे भांडी आली. ताट नाही, भांडी. बुडाशी तेल साचलेलं भाजीचं पातेलं. खिचडीची खरवड. दुपारच्या तूप लावलेल्या, कडक झालेल्या पोळ्या. कुणाच्या तरी वाटीतला अर्धा शिरा. बाईसाहेब म्हणाल्या, "संपव व. अन्न टाकू नोये."

मी संपवलं. रोज संपवलं. भुकेलेली असले तरी, नसले तरी. कधी जेवण तिसऱ्या प्रहरी मिळायचं, कधी दिवेलागण होऊन गेल्यावर. किती खायचं ते माझी भूक ठरवत नव्हती. पातेल्यात किती उरलं त्यावर ठरायचं. खरवडताना पळीचा पितळेवर आवाज व्हायचा. खर्र, खर्र. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शेजारच्या घरी कुणी कढई घासली तरी माझे खांदे आखडतात.

गावी मी काय खात होते? जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, मळ्यात उभ्या उभ्या मोडलेला मुळा, हंगामात तुरीच्या ओल्या शेंगा. वाफ्यांना पाणी द्यायची, वांगी तोडायची, टोपलं डोक्यावर घेऊन आबांच्या मागे स्टेशनापर्यंत चालायची. अकोल्यात शाळा आणि स्वयंपाकघर, बस्स. अंगणाबाहेर जायची मनाई. "तरण्या पोरीनं गावभर फिरू नोये." वर्षभरात माझ्या पोलक्याच्या शिवणी उसवल्या. परकराची नाडी पुरेना.

आधी त्यांनी मला त्यांचं उष्टं घालून फुगवलं. मग माझ्या फुगण्यावर ते हसले. हा क्रम नीट लक्षात ठेवा. मला तो समजायला फार दिवस लागले.

बाईसाहेबांची मुलगी माझ्याच वयाची. मी तिला ताई म्हणत असे. तिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला आणि ती मरता मरता वाचली. बाईसाहेबांनी नवस बोलला होता, पोर उठली तर तिला गुळानं तोलीन आणि तो गूळ वाटीन. म्हणून तो काटा टांगलेला. म्हणून तो सण. आणि म्हणून त्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरनं आबा जेवणावळीसाठी वांग्यांची, कोथिंबिरीची टोपली घेऊन आलेले.

काटा धरायला जाणता माणूस हवा होता. आबा बाजारात रोज तोलायचे. कुणीतरी म्हणालं, "माळीबुवा हाय ना, त्याईलेच लावा." आबांनी धोतराला हात पुसले आणि दांडीजवळ उभे राहिले. ताई एका पारड्यात बसली. केस पुन्हा उगवत होते तिचे, मान कोवळ्या देठासारखी. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या भेल्या चढू लागल्या. बाजारात पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. आबा म्हणाले, "लाभ." मग दोन, मग तीन. थोड्याच भेल्यांत पारडं वर आलं. बायकांनी ताईवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बाईसाहेब रडल्या. मीही रडले. खोटं सांगत नाही, ती वाचली याचा मला आनंद झाला होता.

मग गूळ उचलून आत नेला आणि काटा मोकळा झाला.

एक पाहुणी मला पाहून म्हणाली, "अवं, ही कोन?"

"मळ्यावरच्या माळ्याची पोरगी. आमच्याकडेच राहते."

"बाप्पा! मळ्यात कोहळं वाढलं म्हना की."

हशा. बाईसाहेब डोळे पुसता पुसता हसल्या. त्यांचा जीव हलका झाला होता, त्यांना गंमत सुचली. म्हणाल्या, "हिलेई बसवा. पाहू, हिले किती लागते."

"गूळ आना मंग."

"गूळ कायले खराब करता? गोठ्यातून सरकीची ढेप आना."

सरकीची ढेप म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा. दुभत्या जनावरांना घालतात.

मी मागे सरले. कुणीतरी खांद्याला धरलं. "बस व. खात नाई तुले तो काटा." मी आबांकडे पाहिलं. ते दांडीकडे पाहत होते. नुसतेच दांडीकडे. मी बसले.

ढेपेचा पहिला तुकडा दुसऱ्या पारड्यात पडला.

आबा म्हणाले, "लाभ."

मागून कुणीतरी म्हणालं, "जोरानं म्हना बुवा, आमच्यापावतर नाई आलं आयकू."

आणि माझे वडील ओरडले. बाजारात ओरडत त्याहून जोरात. "दोन! तीन! चार!" ताईच्या वेळी ते गुणगुणल्यासारखं मोजत होते. माझ्या वेळी त्यांनी असा आवाज लावला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. प्रत्येक आकड्याला बायका हसत होत्या. पाठीमागून गोठ्यातली म्हैस ढेपेच्या वासानं हंबरली आणि हसणं आणखी वाढलं. "पाय व, तिच्या वाटनीची मोजून राहिले तं ओरडून राहिली!"

पारडं सम झालं. मी उतरले. तळहातांवर साखळीच्या कड्यांचे वळ उमटले होते.

मला त्या हसण्याचं तितकं लागलं नाही. परकी होती ती माणसं. मला लागला तो आबांचा आवाज. आपला बाप यांच्यात सामील झाला, असं मला वाटलं. त्याला कळलंच नाही, असंही वाटलं. दोन्हीतलं कोणतं वाईट, ते ठरवता येईना.

*

जेवणावळ उठली. आबा टोपली घेऊन गाडीला निघून गेले होते. नेहमीप्रमाणे भांडी माझ्यापुढे आली. बुंदीच्या परातीत चुरा, वांग्याच्या भाजीचं तेल, पुऱ्यांचे तुकडे. बाईसाहेब म्हणाल्या, "घे, संपव. तुह्याच्यानंच संपते हे."

मी म्हटलं, "नाही."

आयुष्यातलं पहिलं 'नाही'. माझं मलाच ते अनोळखी वाटलं.

"काहून?"

"नाही."

"मंग राय उपाशी."

मी उपाशी राहिले. आणि अन्वी, इथून पुढचं विशेष तुझ्यासाठी आहे. सावकाश वाच.

मला वाटलं, मी जिंकले. त्यांचं उष्टं मी नाकारलं. दुसऱ्या दिवशीही नाकारलं. पोळी परकराच्या ओच्यात घेऊन जायची आणि गोठ्यात त्याच म्हशीला घालायची. विहिरीचं पाणी पोट भरून प्यायची. पोटात आग पडायची आणि त्या आगीचा मला गर्व वाटायचा. आत कुणीतरी सतत माझं वजन करत होतं. शाळेत जाताना, धडे वाचताना, केस विंचरताना. मनगटाभोवती बोटं लावून मी ते पुरतं का पाहायची. रोज पाहायची. काटा फांदीवरून कधीच काढून ठेवला होता. मी मात्र पारड्यातून उतरले नव्हते.

परकराला पुन्हा गाठ बसू लागली. पाळी चुकली. इंग्रजीची कविता पाठ होईना, ओळी डोळ्यांपुढून सरकून जात. एवढं होऊनही मला ते थांबवावंसं वाटलं नाही.

मग एक दिवस बाईसाहेबांनी मला अंगणात हाक मारली. वरून खाली पाहिलं आणि प्रसन्न हसल्या.

"आता कशी पोरीवानी दिसून राहिली! अशीच राय."

ज्या बाईच्या घरात मी अन्न नाकारून बंड करत होते, तिला माझं बंड आवडलं होतं. ढेप घालून जे तिनं मोजलं, तेच मी उपाशी राहून तिच्या मनासारखं करून देत होते. तिची एक पोळीही त्यात कमी झाली नव्हती. कमी झाले होते ते माझे डोळे, माझे केस, माझी इंग्रजी.

आजही इथे अमरावतीत मालटेकडीवर फिरायला येणाऱ्या बायकांतली एखादी दुसरीला म्हणते, "अगंबाई, किती बारीक झालीस, छान दिसतेस!" आणि मला वळून बघावं लागतं. बाईसाहेब तर नाहीत ना. त्यांना जाऊन जमाना झाला. आवाज गेला नाही.

*

दोन-चार दिवसांनी शाळेत प्रार्थनेला उभी असताना मी पडले. शाळेनं घरी निरोप दिला, घरानं गावी दिला. आबा आले.

बाईसाहेबांनी त्यांना पडवीत पाणी दिलं. "पोरगी नखरे करते. जेवत नाई." आबांनी तांब्या खाली ठेवला. मला म्हणाले, "चाल." आम्ही स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो. त्यांनी फडकं सोडलं. आईनं दिलेली भाकर, लसणाचा ठेचा, अंबाडीची भाजी, कांदा. भाकरीचे दोन तुकडे केले. मोठा माझ्या हातावर ठेवला.

मी खात नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही मले काहून तोललं?"

एक मालगाडी गेली. त्यांनी कांदा बुक्कीनं फोडला.

मग म्हणाले, "मळा त्याईचा हाय माय. हात थांबवले असते तं मळा गेला असता."

"पन ओरडले काहून? एवढ्या जोरानं?"

आबांनी भाकरीकडे पाहिलं. म्हणाले, "त्याईचं हसनं तुले आयकू येऊ नोये म्हनून."

पोरांनो, त्यांना कळलं होतं. पहिल्या "लाभ"पासून कळलं होतं. ते थांबवू शकत नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या आवाजाची भिंत घातली. ती भिंत पुरली नाही. हसणं पलीकडून आलंच. आणि ती भिंत बांधताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आवाज फुटला असता.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. दवाखान्यात वजनाच्या काट्यावर पाय ठेवला की कानाजवळ कुणीतरी म्हणतं, लाभ. मी एवढी म्हातारी झाले. तरी.

मी भाकर खाल्ली. रडत खाल्ली, पण सगळी खाल्ली. आबा म्हणाले, "उपाशी राहून कोनाचं काय बिघडलं सांग बरं? त्याईच्या घरचं एक पोतं तरी कमी झालं काय?"

परतताना ते मला तांबटाच्या दुकानात घेऊन गेले. एक पितळेचं ताट घेतलं. काठ उभा, मध्ये बोटभर खोल. तांबटानं छिन्नी उचलून विचारलं, "नाव कोनाचं टाकू? तुमचं?" भांड्यावर घरच्या कर्त्या माणसाचं नाव घालायची रीत.

"पोरीचं टाका."

"पोरीचं? लगन झाल्यावर बदलन ना नाव."

"नाई बदलनार," आबा म्हणाले. "तुमी टाका."

टक्, टक्, टक्. छिन्नीच्या ठिपक्यांनी माझं नाव उमटलं. फक्त माझं. पुढे मागे कुणी नाही.

आबांनी मला जठारपेठेच्या कोपऱ्यावर सोडलं. आत आले नाहीत. म्हणाले, "मी आलो तं भांडन होईन. तू बोल. तुले बोलता येते." त्यांना गाडी गाठायची होती.

*

संध्याकाळी पानं मांडली जात होती. बाईसाहेब आणि ताई बसणार, तेवढ्यात मी माझं ताट आणून त्यांच्या ओळीत मांडलं. आणि त्याच्यासमोर बसले.

ताईनं आईकडे पाहिलं. वाढणाऱ्या बाईचा हात थांबला.

"हे काय?" बाईसाहेब म्हणाल्या.

वाक्य मी रस्ताभर जुळवलं होतं. शाळेतल्या पुस्तकी भाषेत बोलले, म्हणजे आवाज कापणार नाही. "मी आजपासून उरलेलं खाणार नाही. आणि उपाशीही राहणार नाही. भूक लागल्यावर जेवेन, या ताटात, सगळ्यांबरोबर. वाढत असाल तर वाढा."

"आन् नाई वाढलं तं?"

"तर माझ्या घरी जाईन."

"शाळा?"

शाळा हाच त्यांचा काटा होता, आणि त्यात मी अजून बसलेलीच होते. मी म्हटलं, "शाळाही जाईल."

बाईसाहेब हसल्या नाहीत या वेळी. म्हणाल्या, "मंग बापाले सांगजो, मळाबी दुसरा पाहाले."

त्या ओळीत त्या रात्री कुणी मला वाढलं नाही. मी रिकाम्या ताटासमोर सगळ्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिले. मान खाली घातली नाही. ताई वरण-भात कालवत राहिली आणि तिनं खाल्ला नाही. सकाळी माझं बोचकं घेऊन मी स्टेशनवर गेले. भूक लागली होती. फलाटावर केळी घेतली आणि खाल्ली. उभ्यानं नाही, बसून.

मळा गेला. सांगितल्याप्रमाणे गेला. उभ्या वांग्यांसकट. आबांनी पुढे गावाच्याच दुसऱ्या टोकाला दुसऱ्याची हलकी जमीन केली. तिथे वांगी कधी तशी आली नाहीत. म्हणजे माझ्या 'नाही'ची भरपाई त्यांनी केली, आणि मी ती कधीच फेडू शकले नाही. मी घरी पोचले तेव्हा मला शिव्यांची अपेक्षा होती. ते वाफ्यात वाकलेले होते. वर न पाहता त्यांनी विचारलं, "जेवली काय व?"

एवढंच. मरेपर्यंत रोज एवढंच विचारलं. किती शिकली, किती मार्क मिळाले, हे नाही. जेवली काय.

पुढे शाळा मी गाडीनं केली. चांदूरहून बडनेरा, तिथून अमरावती. स्टेशनपासून शाळेपर्यंत पायी, परत पायी. दप्तरात शिदोरी. मधल्या सुट्टीत भूक लागायची आणि मी जेवायची. अंगात बळ आलं. मी बारीक झाले की जाड झाले ते मला खरोखर आठवत नाही. इंग्रजीची कविता मात्र पाठ होऊ लागली.

*

लग्न होऊन अमरावतीला आले. पहिल्याच आठवड्यात तुमच्या पणजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगितलं, "बाईमाणसानं मागून जेवावं. उरलं-सुरलं घरच्या लक्ष्मीनं संपवावं." मी ट्रंकेतून ताट काढलं आणि तुमच्या आजोबांच्या शेजारी मांडलं. घरात चार दिवस अबोला होता. तुमचे आजोबा पानावर खाली मान घालून जेवले, पण उठले नाहीत. त्या चार दिवसांबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सासूबाईंना मी माझ्याबरोबर बसवायचा खूप प्रयत्न केला. "बसा ना आई." "तू जेव. मी पाहून घेतो माह्यं." आणि सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरातून तोच आवाज. खर्र, खर्र. त्यांना साखरेचा आजार झाला. डॉक्टर वेळेवर जेवा म्हणत आणि त्या उरलेला भात संपवत. पायाची जखम भरली नाही. शेवटी शेवटी शुद्धीत नसताना त्यांचा उजवा हात चादरीवर फिरायचा, पातेलं खरवडल्यासारखा. मी तो हात धरून बसायची. त्यांना कुणी पारड्यात घातलं नव्हतं. त्या स्वतःहून बसल्या होत्या, कारण त्यांना सांगितलं गेलं होतं की याला पुण्य म्हणतात.

साखर आता मलाही आहे. डॉक्टरांनी थोडं वजन उतरवायला सांगितलं, ते मी मानते. माझ्या गुडघ्यांचा आणि पायांचा तो प्रश्न आहे. पण दवाखान्यातल्या सहायकानं पहिल्या दिवशी माझा आकडा बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा पुकारला. मी काट्यावरून उतरले आणि त्याला म्हटलं, "दादा, तो आकडा डॉक्टरांसाठी आहे. बाजारासाठी नाही." तो ओशाळला. आता मी काट्याकडे पाठ करून उभी राहते, तो आकडा लिहितो, आणि डॉक्टर मला सांगतात की औषध वाढवायचं की कमी करायचं.

तुम्ही विचारता म्हणून सांगते, मी काय करते. उजाडताना मालटेकडीवर जाते. दम लागला की कठड्यावर बसते, लाजत नाही. जवारीची भाकर, पालेभाजी, घट्ट वरण, ताक. कच्चं काहीतरी रोज, मुळा, गाजर, काकडी. बाजारातून पिशवी मीच उचलून आणते. दुपारचं जेवण दुपारी आणि रात्रीचं दिवेलागणीला. पोट भरलं की हात धुते, पातेल्यात काही का उरेना. उरलं तर उद्या कमी रांधते. माझ्याकडे कामाला येणारी बाई आधी आली असेल तर आधी जेवते, वेगळ्या ताटात, ताज्या भाकरीवर. या घरात उष्टं कुणाच्याही पुढे सरकत नाही. पुरणाची पोळीही खाते मी. कमी खाते, पण चोरून खात नाही आणि खाल्ल्यावर स्वतःला शिव्या देत नाही.

अन्वी, तुझ्यासाठी मी घाबरले आहे. तू तिकडे काचेवर उभी राहतेस तेव्हा तुझे पाय जमिनीला लागत नाहीत, हे मला इथून दिसतं. ताट सारताना तुला वाटत असेल की तू काहीतरी जिंकते आहेस. मलाही वाटलं होतं. धाव, पोह, सायकल चालव, तेलकट कमी खा, हवं तेवढं कर. पण कुणाच्या हसण्याला उत्तर म्हणून उपाशी राहू नकोस. ते हसणारे तुझ्या उपासानं शरमत नाहीत, खूश होतात. तुझ्या आईशी मी बोलले आहे. तिकडच्या डॉक्टरांकडे तुला नेणार आहे ती, आणि तू जायचंस. ईशान, या घरातला ओरडणारा काटा तू होऊ नकोस. जेवायला बसलास की ताईला एवढंच विचार, जेवलीस का.

तुमचा काचेचा काटा मी परत पाठवत नाही आणि वापरतही नाही. आज तो खोक्यासकट भंगारवाल्याला देणार आहे. मला पुन्हा कुणी तोलणार नाही. तुम्हीही नाही. मीही नाही.

तो कापसाचा काटा गेला, मळा गेला, आबा गेले, जठारपेठेतलं ते घरही कुणी पाडलं म्हणतात. आवाज आहेत, ते माझ्याबरोबर जातील. कल्हईवाला हल्ली दारावर येत नाही, म्हणून मी स्वतः ताट घेऊन बाजारात जाते आणि त्याला कल्हई लावून आणते. नावाचे ठिपके घासून घासून उथळ झाले आहेत, पण बोट फिरवलं की लागतात. ताट शाबूत आहे. आज दुपारी मी त्यात जेवले.